सीथ्रीआरनंतर तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट बिघडलेला का दिसतो

केराटोकोनस (बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) थांबवण्यासाठी औषध आणि अतिनील प्रकाशाने केलेलं क्रॉस लिंकिंग, म्हणजे दवाखान्यात सगळे ज्याला सीथ्रीआर म्हणतात ते, झाल्यावर तीन महिन्यांनी आईवडील पेंटाकॅमचे (कॉर्नियाचा आकार आणि जाडी मोजणाऱ्या कॅमेऱ्याचे) दोन कागद शेजारी शेजारी ठेवतात. समजा, आधीच्या कागदावर सगळ्यांत पातळ जागा ४५५ मायक्रॉन आहे आणि नव्यावर ४३०. मग ठरलेला प्रश्न येतो: बुबुळ आणखी पातळ होऊ नये म्हणूनच केलं ना हे, मग पंचवीस मायक्रॉन गेले कुठे? उपचार मिरजेत झालेला असो, कोल्हापुरात असो की पुण्यात, हा प्रश्न चुकत नाही. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं, तीन महिन्यांचा कॉर्निया असाच दिसतो. सहा महिन्यांच्या आत सीथ्रीआर पास की नापास हे ठरवायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ‘फरक पडला नाही’ म्हणून चौथ्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन पुन्हा करून घेण्याची घाई तर अजिबात नको.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. निरोगी डोळ्यात तो मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्यातली वरची सुमारे ५० मायक्रॉन ही एपिथेलियम नावाची साल. ती खरवडली तरी काही दिवसांत परत येते. तिच्याखाली स्ट्रोमा, म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचे थरावर थर. जाडीचा नव्वद टक्के भाग हाच. सगळ्यांत आत एंडोथेलियमच्या पेशींचा एकच थर असतो आणि तो एकदा मेला की पुन्हा तयार होत नाही. केराटोकोनसमध्ये स्ट्रोमाचे तंतू सैल पडतात, एकमेकांवरून घसरतात, पडदा एका जागी पातळ होतो आणि तिथेच शंकूसारखा पुढे येतो. तिरका नंबर वाढत जातो तो त्यामुळे. सीथ्रीआर हे घसरणं थांबवतं. नंबर घालवण्यासाठी ते नाहीच. तो गैरसमज घेऊन खुर्चीत बसलेला माणूस नंतर हमखास नाराज होतो.

मूळ पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनची, रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. मध्यभागची ८ ते ९ मिलिमीटर साल काढायची, ०.१ टक्के रायबोफ्लेविनचे थेंब (म्हणजे आपलं बी-२ जीवनसत्त्व) दर काही मिनिटांनी असे अर्धा तास टाकायचे, मग ३६५ ते ३७० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ३ मिलिवॉट दर चौरस सेंटिमीटर या तीव्रतेने अर्धा तास द्यायचा. एकूण मात्रा दर चौरस सेंटिमीटर ५.४ ज्यूल. रायबोफ्लेविन प्रकाश शोषतं, ऑक्सिजनच्या मदतीने क्रियाशील रेणू तयार करतं आणि ते रेणू कोलॅजनमध्ये नवे बंध जोडतात. रायबोफ्लेविनचं दुसरं काम तितकंच महत्त्वाचं: ते प्रकाश वरच्या थरातच अडवतं, म्हणजे एंडोथेलियमपर्यंत घातक मात्रा पोहोचत नाही. दिवा लावण्याआधी डॉक्टर स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या उजेडात कॉर्नियाच्या मागचं पाणी पिवळं दिसतंय का ते पाहतात. पिवळं दिसलं तर औषध पूर्ण जाडीत झिरपलंय.

आता ४०० मायक्रॉनची अट. साल काढल्यानंतर निदान ४०० मायक्रॉन स्ट्रोमा उरला पाहिजे, तरच मूळ पद्धतीची मात्रा मागच्या थराला सुरक्षित. इथे घरच्यांचा हिशोब चुकतो. रिपोर्टवर ४३० असेल तर साल वजा जाता उरतात ३८० च्या आसपास. शिवाय डेक्स्ट्रान घातलेलं रायबोफ्लेविन पाणी ओढून घेतं, त्यामुळे त्या अर्ध्या तासात कॉर्निया आणखी आक्रसतो. म्हणून जाडी फक्त आदल्या दिवशीच्या कागदावर बघून चालत नाही. थेंब टाकून झाल्यावर, दिवा लावण्याआधी, टेबलावरच पुन्हा मोजायला हवी. कमी भरली तर क्षार कमी असलेलं रायबोफ्लेविन टाकून कॉर्निया फुगवतात, किंवा रायबोफ्लेविनमध्ये भिजवलेली कॉन्टॅक्ट लेन्स वर ठेवून जाडी भरून काढतात (ही युक्ती चेन्नईची), किंवा जाडीनुसार प्रकाशाची मिनिटं कमी करतात. ‘टेबलावर जाडी किती भरली होती?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. डिस्चार्ज कागदावर तो आकडा लिहिलेला असेल तर उत्तमच.

वेळ वाचवणाऱ्या पद्धतीही आहेत: ९ मिलिवॉटने १० मिनिटं, १८ ने ५, ३० ने ३. गुणाकार केला तर मात्रा तीच, ५.४ ज्यूल. पण परिणाम तोच मिळत नाही, कारण प्रकाश लागताच स्ट्रोमातला ऑक्सिजन काही सेकंदांत संपतो आणि तो हवेतून परत झिरपायला वेळ लागतो. घाई जितकी जास्त तितका परिणाम उथळ. ९ मिलिवॉटची दहा मिनिटं हा सध्या बऱ्याच ठिकाणी मान्य असलेला मध्यम मार्ग आहे. साल न काढता केलेल्या प्रकारात दुखणं कमी, पण साल औषधालाही अडवते आणि ऑक्सिजनलाही. वाढता आजार असलेल्या कोवळ्या मुलासाठी मी तरी साल काढूनच करण्याच्या बाजूने आहे.

पहिला आठवडा सालीचा. बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ लेन्स) घातलेली असते, तिच्याखाली कडेकडून नवी साल मध्याकडे सरकत येते आणि तीन ते पाच दिवसांत जखम मिटते. पहिले २४ ते ४८ तास चांगलंच दुखतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. त्यानंतर दुखणं दिवसागणिक उतरलंच पाहिजे. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं पुन्हा चढलं, लाली वाढली किंवा पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी दवाखाना, सोमवारची वाट पाहायची नाही. असा ठिपका कधी निर्जंतुक सुजेचा असतो: तो बहुधा उपचार केलेल्या भागाच्या कडेला येतो आणि स्टेरॉइडने विरतो. पण तोच ठिपका जंतूंचाही असू शकतो आणि दोन्हीचे उपचार एकमेकांच्या उलट. म्हणून शंका असेल तिथे खरवडून नमुना तपासतात. मेडिकलमधून आपल्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून टाकणं इथे डोळा गमावण्याचं कारण ठरू शकतं. सुन्न करणारे थेंबही घरी मागू नयेत. दुखणं थांबतं खरं, पण साल भरत नाही आणि स्ट्रोमा विरघळायला लागतो.

आपल्याकडे सीथ्रीआर उन्हाळी सुट्टीत करून घ्यायची पद्धत पडली आहे. शाळा-कॉलेज बुडत नाही, हे खरं. पण एप्रिल-मे म्हणजे विहिरीत पोहण्याचे दिवस. विहीर, कॅनॉल, कृष्णेचं पात्र, घरचा नळ, या सगळ्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो. साल नसलेल्या डोळ्याला, त्यात वर लेन्स असताना, त्याचा संसर्ग झाला तर उपचार महिनोन्महिने चालतात. लेन्स काढेपर्यंत डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, डोक्यावरून आंघोळ नको. पोहणं निदान महिनाभर बंद. तासगाव-कवठेमहांकाळ भागात तर त्याआधी, फेब्रुवारीपासूनच, बेदाण्याचं काम चालू असतं. शेडमध्ये गंधकाची धुरी असते आणि ती त्या डोळ्याला सोसणारी नाही. उसात जाणंही नको. उसाचं पान डोळ्याला चाटून गेलं की बुरशीचा संसर्ग होतो, हे इथल्या प्रत्येक डोळ्यांच्या डॉक्टरला ठाऊक आहे; इथे तर डोळा आधीच उघडा पडलेला. दूध, तूप, गुलाबपाणी, एरंडेल, काजळ यांपैकी काही म्हणजे काहीही डोळ्यात जाता कामा नये. रात्री पंखा थेट तोंडावर नको, लेन्स वाळून चिकटते.

साल भरली की बाहेरून डोळा शांत दिसतो. खरे बदल मात्र खालच्या थरात चालू असतात. स्ट्रोमात केराटोसाइट नावाच्या पेशी असतात, तंतूंची देखभाल करणाऱ्या. उपचारानंतर पुढच्या साधारण ३०० मायक्रॉनमधल्या या पेशी पहिल्या एक-दोन दिवसांतच मरतात. हा अपघात नव्हे, प्रकाश आणि औषधाची मात्रा जिथवर पोहोचली तिथवर असं होणारच. पेशी गेलेला भाग सुजतो. कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली तो पोकळ्यापोकळ्यांच्या जाळीसारखा दिसतो. दोन-तीन महिन्यांनी मागच्या थरातून आणि कडेने नव्या पेशी सरकू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत वस्ती बरीचशी पूर्ववत होते.

उपचार पोहोचलेला पुढचा भाग आणि न पोहोचलेला मागचा भाग, या दोन भागांच्या सीमेवर एक रेघ उमटते. दोन आठवड्यांनंतर स्लिट लॅम्पचा झोत अगदी बारीक करून तिरका टाकला की कॉर्नियाच्या जाडीत, पुढून साधारण ६० टक्के खोलीवर, फिकट करडी वक्र रेषा दिसते. मध्यभागी ती खोल असते, कडेला वर चढत जाते. डोळ्याच्या पुढच्या भागाच्या ओसीटीवर (प्रकाशाने थरांचा छेद दाखवणाऱ्या स्कॅनवर) पहिल्या महिन्यात ती आणखी स्पष्ट येते आणि मायक्रॉनमध्ये मोजता येते. ही रेघ २००६ मध्ये पहिल्यांदा नोंदवली गेली. मूळ पद्धतीत ती ३०० मायक्रॉनच्या आसपास, झटपट पद्धतींत वर. उपचार कुठवर पोहोचला याचा हा चांगला पुरावा आहे. आजार थांबला याचा मात्र नाही. रेघ उथळ असूनही वर्षानुवर्षं स्थिर राहिलेले डोळे असतात. तेव्हा ‘रेघ २२० वरच आहे’ एवढ्यावरून झोप उडवून घेऊ नये.

मज्जातंतूंचं काय होतं हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. सालीखाली बारीक मज्जातंतूंचं जाळं असतं. उपचार केलेल्या भागातलं ते जाळं नाहीसं होतं आणि कडेकडून हळूहळू परत येतं. स्पर्शाची जाणीव सुमारे सहा महिन्यांत बरीचशी येते, जाळं पूर्ण भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर डोळा कोरडा राहतो, पापणी कमी लवते, आणि डोळ्यात कचरा गेला तरी पूर्वीइतकं टोचत नाही. शेताच्या रस्त्याने मोटरसायकल चालवणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावं: ‘काही टोचत नाही’ म्हणजे काही गेलेलं नाही, असं धरू नये. बाजूने बंद असलेला गॉगल आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे थेंब, हे दोन्ही निदान तीन महिने.

आता धूसरपणा. जवळजवळ प्रत्येक डोळ्यात तो कमीअधिक येतो. पहिल्या महिन्यात सर्वाधिक, तिसऱ्यापर्यंत तसाच रेंगाळतो, मग तीन ते बारा महिन्यांत उतरत जातो. स्लिट लॅम्पमध्ये तो स्ट्रोमात बारीक धूळ बसल्यासारखा पसरलेला दिसतो. रात्री समोरच्या गाडीचा उजेड फाकतो तो यामुळे, आणि पहिल्या महिन्यात दृष्टी उपचाराआधीपेक्षा कमी भरते तीही यामुळेच. तीन महिन्यांत ती बहुधा मूळ जागी येते, सुधारणा झालीच तर त्यानंतर. काही डोळ्यांत, विशेषतः फार पातळ आणि फार उंच शंकूच्या डोळ्यांत, धूसरपणा न विरता कायमचा व्रण राहतो. झुरिकमधून २००९ मध्ये आलेल्या अभ्यासात मध्यभागी व्रण राहिलेले डोळे २.८ टक्के होते, आणि उपचार होऊनही आजार वाढत राहिला असे ७.६ टक्के. उपचाराआधी शंकूचं टोक ५८ डायॉप्टरच्या (हे वक्रतेचं माप) वर असेल तर अपयशाचा धोका जास्त, हेही त्यातच आढळलं. धूसरपणासाठी सौम्य स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे उतरत्या मात्रेने देतात. ते चालू असताना डोळ्याचा दाब मोजायलाच हवा. कॉर्निया ताठ झालेला असल्याने दाबाचा आकडाही थोडा सरकतो, म्हणून एकाच आकड्यावर न जाता आधीच्या आकड्यांशी ताडून पाहतात.

या सगळ्यात ते पंचवीस मायक्रॉन बसतात. बंध जोडले गेल्यावर तंतू जवळजवळ येतात, स्ट्रोमा घट्ट होतो, सुरुवातीला पेशींची वस्तीही विरळ असते. तिसऱ्या महिन्याच्या आसपास जाडी सगळ्यांत कमी भरते आणि बाराव्या महिन्यापर्यंत बरीचशी, बहुतेकांत जवळजवळ पूर्ण, परत येते. त्यातला काही भाग तर कॅमेऱ्याचा चकवा असतो. पेंटाकॅम कॉर्नियातून परतणाऱ्या निळ्या प्रकाशावर जाडी मोजतो. स्ट्रोमा धूसर असेल तर कडा ओळखण्यात तो चुकतो आणि जाडी खऱ्याहून कमी दाखवतो. शंका असेल तेव्हा ओसीटीने किंवा अल्ट्रासाउंडच्या पॅकीमीटरने मोजून घ्यावं.

केमॅक्सचंही तेच. शंकूच्या टोकाचा हा आकडा पहिल्या महिन्यात डायॉप्टरभर वाढलेला दिसू शकतो. कारण सालीत आहे. केराटोकोनसमध्ये साल टोकावर पातळ आणि भोवती जाड झालेली असते. गवंडी भिंतीच्या फुगवट्यावर गिलावा पातळ आणि खळग्यात जाड मारून भिंत सपाट दाखवतो, तसं. सीथ्रीआरमध्ये तो गिलावाच खरवडला जातो, आणि नवी साल सुरुवातीला सगळीकडे सारखी बसते, त्यामुळे खालचा खरा उंचवटा उघडा पडतो. तीन महिन्यांत आकडा मूळ पातळीवर येतो, वर्षाअखेर सरासरी एक ते दोन डायॉप्टरने उतरलेला असतो. न उतरता जागच्या जागी राहिला तरी ते यशच.

ताठरपणा किती वाढतो? जिवंत डोळ्यात तो थेट मोजणं अवघड. पण २००३ मध्येच प्रयोगशाळेत मानवी कॉर्नियाच्या पट्ट्या ताणून पाहिल्या, तेव्हा तो सुमारे साडेचार पट भरला. डुकराच्या कॉर्नियात मात्र १.८ पटच, कारण तो जाड असतो आणि प्रकाश त्याच्या पुढच्याच भागात शोषला जातो. ड्रेस्डेनच्याच गटाने २०१५ मध्ये दहा वर्षांनंतरचा आढावा दिला: ३४ डोळ्यांपैकी दोनच डोळ्यांना पुन्हा उपचार लागला.

रिपोर्ट वाचताना आणखी एक खोड काढून टाकायला हवी. सांगलीत एका मशीनवर, पुण्याला दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर आणि मग तुलना. दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांपुढे ठेवता येत नाहीत. एकच मशीन, शक्यतो एकच सेंटर, दरवेळी दोन-तीन स्कॅन. ५५ डायॉप्टरच्या वरच्या शंकूत एकाच दिवशी घेतलेल्या दोन स्कॅनमध्येही डायॉप्टरभराचा फरक येऊ शकतो. तेवढ्याने आजार वाढला असं म्हणता येत नाही. कडक लेन्स वापरत असाल तर स्कॅनआधी दोन-तीन आठवडे आणि मऊ असेल तर आठवडाभर बंद, नाहीतर लेन्सने दाबलेला आकार मोजला जातो. तारखा साधारण अशा: पहिला दिवस, लेन्स काढण्याचा दिवस, मग १, ३, ६, १२ महिने, पुढे दरवर्षी. पहिल्या महिन्याचा स्कॅन वाढ तपासायला निरुपयोगी आहे. सहाव्या महिन्याच्या स्कॅनला नवा पाया धरा आणि पुढची तुलना त्याच्याशी करा.

चष्म्याचा नंबर तीन महिने हलत राहतो. तोपर्यंत साधा, स्वस्त चष्मा पुरे. महागडी काच सहाव्या महिन्यानंतर. कडक किंवा स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) साल पक्की झाल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सुरू करता येते. मोजमाप पुन्हा घ्यावं लागतं, जुनी लेन्स तशीच बसेल असं नाही.

सगळं नीट होऊनही आजार पुढे गेला तर पहिला संशय मुलाच्या मुठीवर घ्यावा. डोळे चोळणं चालू असेल तर बंध कितीही जोडा. माण-खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या, धुळीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटणारी मुलं पुष्कळ असतात आणि त्या खाजेवर वेगळा उपचार लागतो: ॲलर्जीचे थेंब नियमित, गार पाण्याच्या घड्या, गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टॅक्रोलिमसचं मलम. खाज आटोक्यात आणल्याशिवाय सीथ्रीआर करू नये, असं मी म्हणेन. उलट, अठराच्या आतल्या मुलात आजार पक्का दिसत असेल तर ‘सहा महिन्यांनी वाढतोय का बघू’ म्हणत थांबणंही धोक्याचं, कारण या वयात तो झपाट्याने वाढतो. आधी कधी कॉर्नियाला नागीण (हर्पिसचा संसर्ग) होऊन गेली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, अतिनील प्रकाशाने ती उलटू शकते. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलतात, मात्र त्या काळात आजार वाढू शकतो म्हणून तपासणी चालूच ठेवायची. आणि ज्या घरात एका मुलाला केराटोकोनस निघालाय, तिथल्या बाकीच्या भावंडांची टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) एकदा करून घ्यावी, चष्मा असो वा नसो.